सोलापूरच्या मागावरचे तीन दिवस

ता. १६ फेब्रुवारी १९२८, चिपळूण

आज शाळेतून दुपारची सुटी घेतली आहे आणि जेवण आटोपल्यापासून गोदूच्या दोन लुगड्यांचे पदर घेऊन बसले आहे. पदराच्या टोकाला लोंबणाऱ्या दशा कापून टाकायच्या आणि कडा दुमडून बारीक टाक्याने शिवून घ्यायची. इस्पितळातून आलेल्या कागदावर तसे लिहिले आहे. सोबत दोन लुगडी, दोन चोळ्या, एक पांघरूण एवढेच आणावे. सुई, कात्री, नाडा, काचेची बांगडी चालणार नाही, आणि कपड्याला सुटा धागा असू नये. हे वेड्यांचे इस्पितळ आहे. उद्या सकाळी गोदूचे यजमान सदाशिवराव गाडी घेऊन येतील आणि तिला तिकडे पोहोचवतील.

गोदू माझी धाकटी बहीण, वय बत्तीस. ती माझ्या शेजारीच पाटावर बसली आहे. तिचेच लुगडे शिवते आहे, हे तिला दिसते. काय चालले आहे, ते तिने विचारलेले नाही.

जानेवारीत आम्ही दोघी सव्वीस दिवस सोलापूरला जाऊन आलो. शाळेतल्या बाया आणि शेजारणी रोज विचारतात, "काय पाहिलंत तिकडं? काय खाल्लंत?" सगळ्यांना एकदाच सांगून टाकावे म्हणून लिहिते. हात शिवणात आहेत तोवर मनात जुळवायचे आणि एक बाजू झाली की कागदावर उतरवायचे, असे चालले आहे.

का गेलो

गोदूची एकुलती मुलगी शकू गेल्या श्रावणात घटसर्पाने गेली. दुखणे चार दिवसांचे. तेव्हापासून गोदू बोलत नाही. हाक मारली तर वळते, वाढले तर जेवते, झोप म्हटले की झोपते. चार वाजता मात्र न सांगता उठते आणि दारात जाऊन उभी राहते, कारण चार वाजता शकूची शाळा सुटत असे. दिवेलागणी झाली की आत येते. बाकी सारा वेळ पदराच्या दशा बोटांत धरून तीन-तीन धाग्यांच्या वेण्या घालते, मोडते आणि पुन्हा घालते.

सदाशिवराव वाईट मनुष्य नाहीत. चार महिने त्यांनी निभावले. पुढे मार्गशीर्षात गोदू जळती चूल तशीच टाकून चार वाजता दारात गेली आणि शेजारची गवताची उडवी पेटली. घरात त्यांची आंधळी आई होती. ते मला म्हणाले, "ताई, मी दिवसभर कचेरीत असतो. आई आणि ही, दोघींना एका घरात ठेवण्याची मला भीती वाटते." भीती खरी होती.

मी विधवा आहे, मुलींच्या शाळेत शिकवते, आणि अडचण आली की आधी रजेचा अर्ज लिहिते. तो लिहिला आणि आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "औषध माझ्याकडे नाही. यांचा मेंदू एकाच खोलीत बसून राहिला आहे. त्याला दुसऱ्या खोल्या दाखवा. कधी पाहिलं नाही ते पाहू दे, चाखलं नाही ते चाखू दे, हाताला कधी केलं नाही ते काम मिळू दे. मेंदू त्यानं हलतो आणि दुःखही थोडं सरकतं. इथं त्याच घरात, त्याच दारात बसवून काही होणार नाही."

सोलापुरात माझा मामेभाऊ गणू कोर्टात कारकून आहे. कोकणाहून अगदी निराळा मुलूख म्हणून मी सोलापूर ठरवले. सदाशिवराव म्हणाले, "रजा संपेपर्यंत पाहा. फरक पडला नाही, तर मग माझं ऐका." मी हो म्हटले.

कुर्डुवाडी

घाट, मोटार, धूळ आणि डब्यातली गर्दी यांचे वर्णन करीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुर्डुवाडीला मात्र जीव गेला होता.

गाडी तिथे बराच वेळ थांबते. मी तांब्या भरायला उतरले. परत येऊन पाहते, तर गोदूची जागा रिकामी. फलाटावर इकडून तिकडे धावले. आठ वर्षे शाळेत मुली मोजते आहे आणि एक बहीण हरवली. शेवटी एक हमाल ओझे खाली ठेवून म्हणाला, "हिरव्या लुगड्याची बाई तुमची का? ती तितं धाकट्या गाडीत बसली हाय. म्या इचारलं कुटं जायचं, तर बोलंना."

धाकटी गाडी म्हणजे पलीकडची अरुंद रुळांवरची गाडी. गोदू खिडकीशी बसली होती. समोर दोन वेण्यांची एक परकरी पोर शेंगा खात होती. तिच्याच मागून ही उतरली असणार. मी दंड धरून तिला आणले. हमाल मागून म्हणाला, "बाई, जरा पदराला बांधून ठेवा की!" मी खरोखरच माझा पदर तिच्या पदराला बांधला आणि सोलापूरपर्यंत सोडला नाही.

सोलापूर, पहिले दहा दिवस

गणूचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. अंगण सामाईक, आणि अंगणाच्या पलीकडे एका तेलंगी विणकराचे घर. पहाटेपासून तिकडून मागाचा खटखटाट येतो. पहिल्या दिवशी डोके उठले, चौथ्या दिवशी ऐकू येईनासा झाला. गावात गिरण्या आहेत आणि त्यांच्या भोंग्यावर गाव चालते. आमच्या चिपळुणात लोक ऊन कुठवर आले ते पाहतात. इथे भोंगा झाला की बाया तवा चढवतात.

मुलूख उघडा. डोंगर नाही, झाडी नाही, नजर अडवणारे काहीच नाही. काळी जमीन आणि उभी ज्वारी. विहिरीचे पाणी इतके जड, की डाळ शिजता शिजत नाही. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे थंडीने दात वाजतात.

मी शाळेच्या तक्त्यासारखा तक्ता केला. सोमवारी तलाव आणि त्यातले देऊळ, मंगळवारी किल्ला, बुधवारी बाजार, आणि असेच पुढे. रोज एक नवे ठिकाण, एक नवा पदार्थ, एक नवे काम. औषधाचा डोस द्यावा तशी मी गोदूला रोज काहीतरी दाखवीत होते. तिने तलाव पाहिला, म्हणजे तिला तलावाकडे तोंड करून मी उभी केली. किल्ल्याच्या तटावरून खाली अख्खे शहर दिसते. मी बोट करून दाखवीत होते आणि ती माझ्या बोटाकडे पाहत होती.

खाण्याचेही तेच. इथली ज्वारीची भाकरी पापडासारखी कडक करून ठेवतात, ती महिनाभर टिकते. भातावर वाढलेल्या आम्हा माणसांना ती दाताने फोडायची की हातोडीने, हा प्रश्न पडतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, लाल आणि तेलकट. गोदूने ती चमचाभर उचलून तशीच तोंडात घातली. क्षणात तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. शकू गेली तेव्हाही ती रडली नव्हती. मी गणूच्या बायकोला, काशीला, ओरडून हाक मारली, "काशी, रडली गं! गोदू रडली!"

काशीने ताट पाहिले आणि म्हणाली, "वन्सं, तिखट लागलंय त्यांना. पाणी द्या की आधी."

नुसते तिखटच होते. पाणी प्यायली आणि डोळे कोरडे झाले.

रविवारी गणूच्या ओळखीने एका शेतावर हुरडा खायला गेलो. ज्वारीची कोवळी कणसे शेणीच्या विस्तवात भाजतात, गरम असतानाच हातावर चोळतात आणि गुळाशी खातात. आमच्याकडे असले काही नाही, आणि मला ते फार आवडले. शेतकऱ्याची बायको गोदूच्या ओंजळीत दाणे घालून म्हणाली, "खा माय, गरम हाय तंवर खा." गोदू ओंजळ धरून बसून राहिली. दाणे गार झाले. चार वाजता ती उठली, दाणे मातीत सांडले, आणि तिथे दार नव्हते म्हणून बांधावर जाऊन उभी राहिली.

सोलापुरातही चारचा भोंगा होतो. घरी निदान ती आपल्या अंदाजाने उठत असे. इथे अख्खे गाव ओरडून तिला उठवत होते. मी तिला आणले होते ते दुसरी खोली दाखवायला, आणि त्या खोलीलाही तेच दार होते. दहाव्या दिवशी मी तक्ता फाडून चुलीत घातला.

नरसम्मा

अंगणापलीकडच्या विणकरणीचे नाव नरसम्मा. पस्तिशीची, सडपातळ, तोंडाची फटकळ. नवरा गिरणीत जाई आणि घरचा माग तीच चालवी. मराठी इथल्यासारखी बोले, मात्र मोजणी आणि शिव्या तेलंगीत.

संक्रांतीच्या जत्रेला घरची सगळी माणसे गेली. गोदूला गर्दीत नेण्याची कुर्डुवाडीपासून मला धास्ती होती, म्हणून आम्ही मागे राहिलो. जाताना नरसम्मा सांगून गेली, "अक्का, दार उघडं हाय. मांजर आत जाऊ देऊ नका."

नुसते बसून खाणे मला जमत नाही. तिने आम्हाला चार वेळा गरम भाकरी पाठवली होती. वाटले, तिचा मागाचा सोपा, म्हणजे माग असलेली पुढची पडवी, झाडून ठेवावी. झाडला, जळमटे काढली. मागावरचे लुगडे आदल्या दिवशीच पुरे होऊन कापले गेले होते. मागाच्या मध्ये दोऱ्यांच्या चौकटी टांगलेल्या असतात, त्यांना वही म्हणतात, आणि तिच्यापुढे बारीक दातांची फणी. त्या दोन्हींतून वीतभर धाग्यांची टोके पुढे-मागे लोंबत होती, गुंतलेली, कळकट. मी म्हटले, काय हा गबाळेपणा! कात्री आणली, पुढची टोके सपासप कापली आणि मागची ओढून काढली. वही आणि फणी स्वच्छ मोकळी झाली. केराचा ढीग अंगणात नेऊन टाकला. काम चांगले झाल्याचे मला समाधान वाटले, हेही लिहिते.

नरसम्मा परतली. सोप्यात गेली आणि तशीच बाहेर आली.

"अक्का, वहीतले धागे कुटं गेले?"

"काढून टाकले. किती लोंबत होतं! आता बघा कसं लख्ख झालंय."

ती केराच्या ढिगाशी गेली आणि मूठभर धागे उचलून खाली बसली. ती शिव्या देईल असे मला वाटले, पण ती हळू बोलली.

"ह्यो केर न्हाय अक्का. नवा ताणा ह्याला जोडतात की. जुन्या धाग्याचं टोक, नव्याचं टोक, राख लावून बोटानं पीळ द्यायचा. मग जुना पुढं सरकला की नवा त्याच्या मागनं वहीतनं जातो, फणीतनं जातो, आपसूक. आता जुनाच न्हाय. नव्याला कोण नेणार?"

मी विचारले, "मग आता?"

"आता काय! एक-एक धागा हातानं. दोन हजारावर हायत."

"किती दिवस लागतील?"

"जाऊ असती तर दोन दिस. एकीनं मागनं धागा द्यायचा, एकीनं पुढनं आकडीनं ओढायचा. जाऊ तर माहेरी बसली हाय." तिने मला खालपासून वर न्याहाळले. "तुमी हाय की. कात्री चालवता आली, आता धागा द्यायला बसा."

पहिला दिवस

सकाळी मी मागाच्या पाठीमागे बसले. नव्या ताण्याचे, म्हणजे कापडातल्या उभ्या सुताचे, धागे बांबूच्या दोन कांबट्यांवरून आडवेतिडवे घेतलेले असतात, म्हणजे कोणाच्या मागून कोण हे कळते. त्यातला पुढचा धागा वेगळा करून वहीजवळ धरायचा. पलीकडून नरसम्मा आकडी घालून ओढून घेते. वहीच्या चौकटी चार. पहिला धागा पहिल्या चौकटीत, दुसरा दुसरीत, चार झाले की पुन्हा पहिलीत. ती मोजत जाई, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." एक, दोन, तीन, चार. तेलंगीत तेवढे मीही शिकले.

पण माझे वय सेहेचाळीस, चष्मा जुना. कधी दोन धागे एकदम उचलले जात, कधी मधला राही. नरसम्मा पाच-पन्नास धागे उलटे काढी आणि म्हणे, "अक्का, शाळेतल्या पोरी पण अशाच मोजता का? एक सोडून एक?" दुपारपर्यंत हातभरही काम झाले नाही. मान मोडली. तिने तेलंगीत काहीतरी पुटपुटले. ती शिवी होती, एवढे मला कळले.

गोदू सोप्याच्या दारात येऊन उभी होती. बोटे नेहमीप्रमाणे पदरात चालली होती. नरसम्माने त्या बोटांकडे पाहिले, उठली, तिचे मनगट धरून ओढले आणि मला म्हणाली, "तुमी उठा."

"अहो, तिला काही कळत नाही. ती बोलत नाही, ऐकत नाही."

"मला तिच्याशी लगीन लावायचं न्हाय. धागा पाहिजे. उठा."

मी उठले. गोदूला माझ्या जागी बसवले. नरसम्माने एकदा तिची बोटे धाग्यावर ठेवून दाखवले आणि पलीकडे जाऊन आकडी पुढे केली. "ओकटि."

काही झाले नाही. "ओकटि!" ती खेकसली. गोदूने पुढचा धागा वेगळा केला आणि धरला. बरोबर तोच. "रेंडु." दुसरा. "मूडु. नालुगु." बत्तीस वर्षांची तिची नजर आणि कित्येक वर्षांची ती बोटांची सवय. शकूचे केस दाट होते आणि गोदू रोज तिच्या वेण्या घालीत असे, हे मला तेव्हा आठवले. मी भिंतीला टेकून बसले. तासभर एकही धागा चुकला नाही.

मग चारचा भोंगा झाला.

मी उठून दाराशी गेले, तिला धरावे म्हणून. गोदूने मान वर केली. तिच्या बोटांत एक धागा होता आणि पलीकडून आकडी त्याची वाट पाहत होती. नरसम्मा भोंग्याहून मोठ्याने ओरडली, "मूडु! अगं मूडु की!" गोदूने धागा दिला. ती उठली नाही.

भोंगा संपला. मग एक आवाज आला, घसा बसल्यासारखा, जाडा. "नालुगु."

तो आवाज माझ्या बहिणीचा होता. पाच महिन्यांनी ऐकलेला पहिला शब्द, आणि तो आमच्या भाषेतला नव्हता.

नरसम्मा मान वर न करता म्हणाली, "ही तर तेलंगी बोलती की! आन् तुमी म्हणलाव बोलत न्हाय."

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गोदू न सांगता जाऊन बसली. आता दोघी आळीपाळीने मोजत होत्या, नरसम्मा एक, गोदू दोन. मी दोघींना पाणी देत होते, दुसरे काम मला नव्हते. दुपारी नरसम्माने मध्येच विचारले, "पोर किती वर्साची व्हती?"

मी उत्तर देणार तोच तिने आकडी माझ्याकडे रोखली. "तुमाला न्हाय इचारलं."

गोदूचे हात थांबले. मग ती हळूहळू मोजू लागली, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु," आणि थांबली. पुढचे तिला येत नव्हते. नरसम्माने तिला ते पुरवले, "ऐदु, आरु, एडु."

"एडु," गोदू म्हणाली. सात. शकू सातच वर्षांची होती.

"माझी बी गेली," नरसम्मा म्हणाली. "मूडु." आणि लगेच, "धागा दे. ओकटि."

त्या दिवशीही भोंगा झाला. त्या दिवशीही गोदू उठली नाही. काशी मला म्हणाली, "वन्सं, आता बऱ्या होतात बघा." मीही सदाशिवरावांना पत्र लिहिले. ते घाईने लिहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा धागा फणीतून गेला. नरसम्माने धोटा मारला, आडवा धागा बसला, पुन्हा मारला. बोटभर कापड झाले. तिने गोदूचा हात धरून त्या कापडावरून फिरवला. गोदूने हात फिरवू दिला.

चौथ्या दिवशी काम नव्हते. चारचा भोंगा झाला आणि गोदू दारात जाऊन उभी राहिली.

मी नरसम्माकडे गेले. तिने गोदूला कांड्या भरायला बसवले. चाक फिरवायचे आणि सूत कांडीवर घ्यायचे. गोदूने दहा वेढे घेतले आणि सोडून दिले. मी विचारले, "दुसरं काही नाही का? त्या दिवसासारखं?"

"वही एकदा भरली की भरली. पुन्यांदा कात्री लावू म्हणता का?"

खोटे कशाला सांगू? मनात आले होते. रिकाम्या सोप्यात मी कात्री घेऊन उभी आहे, असे दोनदा डोळ्यांपुढे आले. पण त्या बाईची भाकरी मागावर होती.

रजा संपली. निघताना नरसम्माने त्याच ताण्यातले पहिले लुगडे गोदूच्या हातात दिले. मी नको म्हटले, तर म्हणाली, "तुमाला कोण देतंय? तिनं भरलेलं हाय, ती नेसंल."

परत

घरी आल्यावर मी सूत आणले, माडाच्या हिराच्या काड्यांची चौकट केली, धागे ताणले आणि गोदूला त्यापुढे बसवून म्हटले, "ओकटि." तिने चौकटीकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला शाळेतल्या मुलींमुळे ठाऊक आहे. त्यांना रिकामे ठेवायचे नाही म्हणून मी कविता दहादा लिहायला लावते, तेव्हा त्या अशाच पाहतात. माझ्या चौकटीत कोणाचे काही अडले नव्हते. पलीकडे आकडी नव्हती.

पहिले चार दिवस ती अधूनमधून आकडे पुटपुटायची. मग तेही गेले. शाळेची घंटा इथे चारलाच होते, आणि गोदू रोज दारात असते. परवा चूल पुन्हा उघडी राहिली. मी घरात होते म्हणून निभावले. नसते तर? डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "मेंदू तीन दिवस हलला म्हणता ना? मग हलू शकतो." बरी होईल का, असे विचारले तर त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. सदाशिवरावांना मी शब्द दिला होता आणि रजा संपून अठरा दिवस झाले. त्यांनी इस्पितळाचा कागद पाठवला.

हे एवढे लिहून मी पुन्हा शिवणाकडे वळले. पहिल्या लुगड्याचा पदर झाला होता. त्याच्या दशा कापताना गोदू शेजारीच होती. तिच्या हातातून पदर ओढून घेतला तेव्हा तिने सोडला. आता दुसरे. नरसम्माचे. त्याच्या दशा लांब आणि दाट आहेत, कारण तिने त्या कापल्या नाहीत. कात्री घेतली आणि पाहिले, तर पदराचे टोक गोदूच्या बोटांत होते. नेहमीच्या वेण्या असतील म्हणून ओढणार, तेवढ्यात लक्ष गेले. वेणी नव्हती. तिने चार धागे वेगळे करून मांडीवर एकाशेजारी एक ठेवले होते. त्यांच्याखाली आणखी चार. त्याखाली चार.

मी म्हटले, "ओकटि."

ती बोलली नाही. मी पुन्हा म्हटले. नाहीच. चार वाजले, घंटा झाली, ती उठून दारात गेली आणि मांडीवरचे धागे विस्कटले.

कात्री मी डब्यात ठेवली. पदर शिवला नाही.

ता. १७

सकाळी सदाशिवराव गाडी घेऊन आले. त्यांना चहा दिला. ट्रंक बांधलेली नाही हे त्यांनी पाहिले.

"ताई, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडते आहे."

"पुन्हा सोलापूर? ती बरी होईल असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत नाही. वाटायचं सोडून दिलंय."

"मग कशासाठी?"

मी त्यांना दुसऱ्या लुगड्याचा पदर दाखवला आणि धाग्यांचे सांगितले. त्यांना त्यात काही दिसले नाही. त्यांचा दोष नाही, मला तरी काय दिसले होते? त्यांनी पदर घडी करून परत दिला. मग म्हणाले, "तुमची शाळा?" आणि इस्पितळाचा कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही. गाडी रिकामी परत गेली.

शाळेत जाऊन रजेचा अर्ज दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, लागोपाठ दुसरी रजा मिळणार नाही. तिथेच बसून पहिली ओळ खोडली आणि अर्जाचा राजीनामा केला. येताना तार कचेरीत थांबले आणि गणूला तार केली: नरसम्माला विचार, वस्तीत कोणाची वही भरायची आहे का.

घरी येऊन ट्रंक उघडली, गोदूची लुगडी ठेवली आणि त्यांवर माझी दोन घातली.